मासळीचे टन मोजतो, बोटीचे रुपये कधी मोजणार?

किनारेकर

मासेमारीच्या बातमीत आकडा येतो तो टनांचा. २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी, असं केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने जाहीर केलं तेव्हा त्याचे मथळे झाले. आदल्या वर्षी हाच आकडा २.९५ लाख टन होता. क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ आल्याने ऐन हंगामात बोटी बंदरात अडकल्या होत्या. पण त्या वर्षी डोलीवाल्याच्या (प्रवाहात पिशवीसारखं जाळं लावणाऱ्याच्या) घरात किती पैसा आला, ट्रॉलरच्या मालकाने किती कर्ज काढलं, खलाशी किती पगारावर गावी परतला, हे कुठल्या मथळ्यात आलं नाही. यायचं तर आधी कुणीतरी ते मोजायला हवं.

मी रायगड-रत्नागिरीच्या बंदरांवर बोटींचा जमाखर्च गोळा करणाऱ्या एका पाहणीत काम करते. या धाग्यावर मला बोटमालक, तांडेल (बोटीवरचा प्रमुख), मच्छीमार सोसायटीवाले, मासळी विकणाऱ्या बायका आणि आकडेमोड जाणणारे अशा सगळ्यांशी बोलायचं आहे.

आधी हे कशाला, ते सांगते. मासेमारीचा प्रत्येक नियम कुणाच्या तरी खिशातून जातो. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, तेव्हा उत्पन्न शून्य आणि कर्जाचं व्याज चालूच. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला (माशांचा थवा वेढून आवळणाऱ्या जाळ्याला) १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ ठेवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरलं. हे नियम माशांसाठी गरजेचे आहेत, असं माझं ठाम मत आहे. पण प्रत्येक वेळी 'माशांचं काय होईल' याचा अंदाज शास्त्रज्ञांनी कागदावर मांडला, आणि 'बोटीचं काय होईल' याचा अंदाज मोर्चात, निवेदनात आणि आमदाराच्या भाषणात मांडला गेला. दुसऱ्या बाजूचाही कागद हवा.

आता एक हिशेब. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कुठल्या एका बोटीचे नाहीत. समजा, सहा सिलिंडरच्या ट्रॉलरने एका फेरीत ४ लाखांची मासळी विकली. डिझेल २ लाख २० हजार, बर्फ ३० हजार, रेशन-पाणी २० हजार, दलाली २० हजार. उरले १ लाख १० हजार. खलाशी-तांडेलाचे ६० हजार गेले की मालकाच्या हातात ५० हजार. हंगामात अशा २० फेऱ्या झाल्या तर १० लाख. ऐकायला बरं वाटतं. मग वर्षाचा खर्च: जाळी आणि दोर अडीच लाख, बोट वर चढवून रंगकाम आणि इंजिनाचं काम ३ लाख, विमा-परवाना ५० हजार, कर्जाचं व्याज २ लाख. हे ८ लाख वजा केले की २ लाख उरतात. बोट ४५ लाखांची आणि आयुष्य १५ वर्षांचं धरलं तर वर्षाला ३ लाख घसारा. म्हणजे ही बोट वर्षाला १ लाख तोट्यात आहे. मालकाची स्वतःची मेहनत आणि त्याने घातलेल्या भांडवलावरचं व्याज यात धरलेलंही नाही.

तरी ही बोट उद्या समुद्रात जाणारच, कारण फेरीपुरतं बघितलं तर ५० हजार सुटतात. उभी ठेवली तर तेही नाहीत आणि व्याज थांबत नाही. एच. स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्या अर्थतज्ज्ञाने १९५४ मध्ये हेच मांडलं होतं: समुद्र सगळ्यांचा असेल तर सगळा नफा खर्चात विरून जाईपर्यंत बोटी वाढत राहतात. आपल्याकडे तो बिंदू कुठल्या प्रकारच्या बोटींनी ओलांडलाय आणि कुणी नाही, हे समजल्याशिवाय 'बोटी कमी करा' किंवा 'डिझेलवर सरकार देतं तो परतावा वाढवा', दोन्ही अंधारातच म्हणावं लागतं.

संशोधन संस्थेचा अर्थशास्त्र विभाग फेरीचा खर्च आणि विक्री नमुन्याने नोंदवतो, ते काम चांगलं आहे. माझी अडचण वर्षाच्या हिशेबाची आहे. जाळं केव्हा बदललं, इंजिन किती वेळा उघडलं, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती आणि कुणाकडून, हे विचारलं की बोलणं थांबतं. काय विचारावं, कसं विचारावं, आणि तुम्ही खरं उत्तर का द्यावं?

नाखव्याची_लेक

आमच्या बोटीचा हिशेब मी ठेवते म्हणून लिहिते. ताई, तुमच्या उदाहरणात दलाली २० हजार दाखवलीत, म्हणजे पाच टक्के. कागदावर तेवढीच असते. पण दलालाची उचल अंगावर असेल तर मासळी त्यालाच घालावी लागते आणि भाव तो सांगेल तो. शेजारच्या बोटीची तीच सुरमई किलोमागे जास्त भावाने जाते ते आम्ही उभे राहून बघतो. हा फरक म्हणजे व्याजच. कुठल्याही अर्जात त्यासाठी रकाना नसतो. तुम्ही 'व्याज किती भरता' विचारलंत तर मालक 'काही नाही' म्हणेल, आणि ते खोटं नसेल.

त्यामुळे विक्रीचा आकडा विचाराल तेव्हा 'कुणाला घातली' आणि 'त्याची उचल आहे का' हेही विचारा. लिलावातला खुला भाव त्याच दिवशी त्याच बंदरावर नोंदवलात तर दोन्हींतला फरक काढता येईल.

दुसरं, खर्चाचं एकमेव लेखी खातं बऱ्याचदा दलालाच्या चोपडीत असतं. डिझेल, बर्फ, रेशन सगळं तोच भरतो आणि विक्रीतून कापून घेतो. ज्याची बोट, त्याच्याकडे फक्त शेवटची रक्कम.

दर्यावर्दी

किनारेकर ताई, राग मानू नका, पण बंदरावर अर्ज घेऊन येणारे आम्ही बरेच पाहिले. येतात, दोन तास बसवतात, लिहून घेतात आणि जातात. काय निघालं ते सांगायला परत कुणी येत नाही. मग एक दिवस पेपरात येतं, अमुक प्रकारच्या बोटी जास्त झाल्या, कमी करा.

आमच्या खाडीत एका प्रकल्पामुळे जाळी मारायची जागा गेली. भरपाईच्या वेळी पुरावा मागितला. आमच्याकडे पुरावा नाही, म्हणून सगळ्यांना एकसारखी रक्कम ठरवली. वर्षभर बोट चालवणारा आणि गणपतीनंतर चार महिने चालवणारा, दोघांना तेवढीच. तेव्हा आमचे आकडे कुणाकडे नव्हते. आता मागताय ते कशासाठी आणि जाणार कुणाकडे, ते आधी सांगा. उत्पन्न सांगितलं तर प्राप्तिकरवाले येतील, तोटा सांगितला तर बँक कर्ज देणार नाही. आम्ही काय सांगायचं?

पालघरवासी

दर्यावर्दी यांनी भरपाईचं लिहिलंय ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, पण मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो.

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, तेल सांडलं, कंटेनर समुद्रात गेले, मासेमारी ठप्प झाली. वरळीत सागरी रस्त्याच्या पुलाखालून बोटी जायच्या म्हणून दोन खांबांमधलं अंतर ६० ऐवजी १२० मीटर करून घ्यायला मच्छीमारांना किती भांडावं लागलं ते आपण पाहिलं. आता आमच्याकडे वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात भूमिपूजन झालं. अशा प्रत्येक वेळी प्रश्न एकच येतो: नुकसान होण्याआधी तुमचं उत्पन्न किती होतं? घटना घडून गेल्यावर गोळा केलेल्या आकड्यावर समोरचा विश्वास ठेवत नाही, आणि त्याचंही सगळंच चुकतं असं नाही, कारण तेव्हा आकडा फुगवायला कारण असतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तळाच्या मासळीच्या ट्रॉलर्सना २०११ पासून प्रत्येकी ठरलेला हिस्सा देण्याची पद्धत आली. तिथे नियम लागू होण्याआधीच्या २००९ आणि २०१० या वर्षांचा जमाखर्च प्रत्येक बोटीकडून सक्तीने घेतला गेला, आणि त्यानंतर दर वर्षी. अर्ज भरला नाही तर परवान्याचं नूतनीकरण अडतं. त्यामुळे नवीन पद्धतीने कुणाचं भलं झालं आणि कुणाचं नुकसान, हे आधीच्या वर्षांशी ताडून बघता येतं. आपल्या किनाऱ्यावर मोठी कामं चालू आहेत तोवर आधीचं वर्ष लिहून ठेवणं निकडीचं आहे. उशीर झाला तर ते वर्ष परत मिळणार नाही.

सांख्यिक

चांगला धागा. पद्धतीबद्दल थोडं.

'महाराष्ट्रातल्या बोटीचा सरासरी नफा' असा आकडा कुणी सांगितला तर तो सोडून द्या. डोल, गिलनेट, ट्रॉल, पर्ससीन या जाळ्यांच्या बोटींचा खर्च वेगळा, आणि त्यातही बोटीच्या लांबीनुसार वेगळा. युरोपीय संघात २००८ च्या आणि नंतर २०१७ च्या नियमावलीने सगळ्या सदस्य देशांना ताफ्याची आर्थिक माहिती गोळा करावी लागते. तिथे जाळ्याचा प्रकार आणि लांबी (१२ ते १८ मीटर, १८ ते २४ मीटर, २४ ते ४० मीटर, असे) धरून गट पाडतात आणि प्रत्येक गटाचा जमाखर्च वेगळा मांडतात. विक्री, इंधन, मजुरी, दुरुस्ती, इतर चालू खर्च, भांडवल, घसारा, रोजगार. २०२२ साली युक्रेन युद्धाने इंधन भडकलं तेव्हा कोणते गट किती दरापर्यंत तग धरतील याचा अंदाज मांडायला हेच आकडे हाताशी होते.

आपल्याकडच्या पाहणीत मला तीन धोके दिसतात. एक, जो बोलायला तयार आहे तोच नमुन्यात येतो, आणि बोलायला बहुधा हिशेब ठेवणारा, जरा बऱ्या स्थितीतला मालकच तयार असतो. बुडालेली बोट किनाऱ्यावर उलटी पडलेली असते, तिला कोण विचारणार? दोन, आठवणीवर भिस्त. माणसाला शेवटची चांगली फेरी आणि सगळ्यांत वाईट फेरी आठवते, मधल्या सगळ्या पुसल्या जातात. फेरीचा खर्च त्याच आठवड्यात विचारावा. जाळी-इंजिनाचा खर्च मात्र वर्षातून एकदा, बिलं समोर ठेवून. तीन, दर वर्षी नव्या बोटी निवडल्या तर बदल बोटींमधला की हंगामातला हे कळत नाही. निदान काही बोटी तीन-चार वर्षं त्याच ठेवायला हव्यात.

मीनाक्षी_द

विषय नवा आहे, आवडीने वाचतेय. भाबडा प्रश्न: बोटींवर आता ट्रान्सपॉन्डर बसवताहेत ना? मग बोट कुठे गेली, किती दिवस राहिली ते कळतंच. त्यावरून खर्च नाही का काढता येणार?

सांख्यिक

@मीनाक्षी_द, काही अंशी. पालघरच्या त्याच कार्यक्रमात एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. त्यातून प्रवासाचा काळ आणि अंतर कळेल, त्यावरून डिझेलचा ढोबळ अंदाज येईल. पण ट्रॉल ओढताना लागणारं डिझेल आणि नुसतं जाताना लागणारं डिझेल यात मोठा फरक. आणि भाव, उचल, पगार, दुरुस्ती यांतलं त्या यंत्राला काहीच दिसत नाही. शिवाय ते यंत्र संकटात मदत मिळावी म्हणून दिलंय. त्याची नोंद हिशेबासाठी वापरायची तर मच्छीमारांना विचारून वापरा, नाहीतर लोक ते बंद करून ठेवतील आणि वादळात पंचाईत होईल.

वसईची_कोळीण

सगळे बोटीवरच बोलताहेत. आमच्याकडे छोट्या डोलीच्या बोटी. पुरुष मासळी धक्क्यावर आणतो, तिथून पुढे सगळं बाईचं. निवडणं, बर्फ लावणं, पाटी डोक्यावर किंवा टेम्पोने बाजारात नेणं, विकणं. बोंबील जास्त आले तर वलांडीवर (सुकवायच्या काठ्यांवर) घालणं, जवळा सुकवणं. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा घर त्या सुक्या मासळीवर चालतं.

आता तुमचा माणूस धक्क्यावर येऊन नवऱ्याला विचारतो, आज किती विक्री झाली? विक्री झालेलीच नसते, कारण माल घरच्या बाईकडे गेलेला असतो. तो काहीतरी आकडा सांगतो. खरा आकडा संध्याकाळी बाजार उठल्यावर बाईच्या कनवटीला असतो, त्यातून टेम्पोचं भाडं, बर्फ, बाजाराची पावती गेलेली असते. तिला कुणी विचारत नाही. तिची मजुरी तर कुणीच धरत नाही. मग कागदावर छोटी डोलीची बोट फायद्यात दिसते, आणि तुम्ही म्हणता छोटा मच्छीमार बरा चाललाय. तो बरा चाललाय कारण घरातली दोन माणसं फुकट राबताहेत.

अजून एक. आमच्याकडे माल पाटीने आणि टोपलीने जातो, किलोने नाही. टोपली बंदरागणिक वेगळी, आणि मंदीत तीच टोपली जास्त भरून द्यावी लागते. भाव तोच राहतो, माल जास्त जातो. हे लिहायला तुमच्याकडे जागा आहे का?

नाखव्याची_लेक

+१. टोपलीचा मुद्दा अगदी खरा.

होबार्टहून

मी ऑस्ट्रेलियात मत्स्यव्यवसायाशी संबंधित कामात आहे, मूळचा मालवणचा. इथे केंद्राच्या अखत्यारीतल्या प्रमुख मासेमारीची आर्थिक पाहणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होते. सरकारी कृषी-अर्थशास्त्र संस्था बोटमालकांच्या खात्यांवरून ती करते.

तिचा उपयोग कसा झाला याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण म्हणजे उत्तरेकडची कोळंबी, डार्विनपासून कार्पेंटारियाच्या आखातापर्यंतची. एकेकाळी तिथे अडीचशेच्या वर बोटी होत्या. बोटी आणि इंजिनं वाढत गेली, कोळंबी घटली, सगळ्यांचाच नफा गेला. मग परवाने विकत घेऊन बोटी टप्प्याटप्प्याने कमी केल्या. २००६-०७ च्या शेवटच्या फेरीत ९५ वरून ५२ झाल्या. त्याच सुमारास लक्ष्यही बदललं: जास्तीत जास्त टन काढायचे नाहीत, जास्तीत जास्त नफा राहील एवढेच काढायचे. २००७ मध्ये ते केंद्राच्या धोरणातच आलं. आता हंगामात किती मेहनत करायची हे ठरवणाऱ्या गणितात कोळंबीची वाढ, डिझेलचा दर आणि कोळंबीचा भाव एकत्र बसतात. डिझेल महागलं तर समुद्रात माल जास्त शिल्लक ठेवणं परवडतं, कारण दाट कोळंबी कमी डिझेलमध्ये मिळते. हे उत्तर नुसत्या टनांच्या आकड्यांतून येत नाही. मुख्य म्हणजे आर्थिक माहिती द्यायला मालकांची स्वतःची कंपनीच पुढे असते, कारण तो आकडा त्यांच्याच हंगामाचा निर्णय करतो.

दर्यावर्दी

९५ च्या ५२ झाल्या. त्या ४३ बोटींवरची माणसं कुठे गेली?

होबार्टहून

परवान्याचे पैसे मालकांना मिळाले. खलाशी दुसऱ्या मासेमारीत, खाणीत, इतर कामात गेले. इथे लोकसंख्या कमी आणि कामं जास्त. कोकणात तसं होणार नाही हे मी मान्य करतो. जास्तीत जास्त नफ्याचं लक्ष्य मी आपल्याकडे जसंच्या तसं सुचवणार नाही. जिथे एका बोटीवर दहा घरं जेवतात तिथे मजुरी हा नुसता खर्च नाही, तोच मासेमारीचा हेतू आहे. पण मग तेही आकड्यात मांडावं लागेल: एक टन मासळीमागे किती माणसांना काम, एक लिटर डिझेलमागे किती. तसं मांडलं तर छोट्या डोलीची आणि गिलनेटची बाजू ट्रॉलरपेक्षा भक्कम निघेल असा माझा अंदाज आहे. आज ते कुणी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण बोटीनिहाय हिशेब नाही.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. १९७० च्या दशकात रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि ट्रॉलरवाले यांचा संघर्ष झाला, त्यातून १९८० चा सागरी मासेमारी कायदा आला. तेव्हापासून वाद एकच, मोठ्यांनी छोट्यांचं किती नेलं. इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंचा जमाखर्च शेजारी ठेवून कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

आमच्याकडे मालीम, कुटबण इथे खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून येतात. वाट्याची पद्धत मागे पडून महिन्याचा पगार आलाय. याचा हिशेबावर मोठा परिणाम होतो. वाटा होता तेव्हा वाईट फेरीचा फटका सगळ्यांत विभागला जायचा. आता तो एकट्या मालकाच्या माथ्यावर, म्हणून तो बोट जास्त दिवस बाहेर ठेवतो आणि बारीक मासळीही आणतो, कुटीच्या (मासळीच्या भुकटीच्या) कारखान्याला घालायला. म्हणजे पगार कसा देता, या एका प्रश्नाचं उत्तर कोवळ्या माशांच्या प्रश्नापर्यंत जातं. किमान आकारमानाचा नियम पाळला जावा असं वाटत असेल तर कुटीतून बोटीला फेरीमागे किती पैसे मिळतात हे आधी बघा. डिझेलचा खर्च त्यावरच निघत असेल तर नुसत्या दंडाने काही होणार नाही.

सोसायटी_सचिव

मी एका मच्छीमार सहकारी सोसायटीचं काम बघतो. सगळे खर्चाची नोंद नाही म्हणताहेत, पण सगळ्यांत मोठ्या खर्चाची नोंद आमच्याकडे आहे. कुठल्या बोटीने कुठल्या तारखेला किती लिटर डिझेल उचललं, हे परताव्यासाठी आम्हाला लिहावंच लागतं. बोटीचा क्रमांक, इंजिनाची अश्वशक्ती, परवान्याची मुदत सगळं जोडलेलं असतं. पाहणी करणाऱ्यांनी तिथून सुरुवात केली तर निम्मं काम होईल. मात्र कोट्याबाहेरचं डिझेल बाहेरच्या पंपावरून घेतलेलं असतं, ते आमच्या वहीत नसतं हे ध्यानात ठेवा.

आकडे नसले की काय होतं ते मार्च २०२२ मध्ये आम्ही भोगलंय. घाऊक ग्राहकांचं डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागलं आणि सोसायट्यांचे पंप घाऊकमध्ये धरलेले. रस्त्यावरच्या पंपावर स्वस्त, बंदरावर महाग. आम्ही निवेदनं दिली, आंदोलनं झाली. पण 'या दराने सहा सिलिंडरची बोट फेरीला किती तोट्यात जाते' असा एक कागद, सर्व बंदरांचा मिळून, आम्हाला टेबलावर ठेवता आला नाही. प्रत्येक पुढारी आपापल्या अंदाजाने बोलत होता.

दर्यावर्दी, बँकेबद्दल बोललात म्हणून सांगतो. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना लागू झालंय. त्यात कर्जाची मर्यादा जिल्ह्याची समिती ठरवते, आणि ती ठरवते बोटीच्या चालू खर्चाच्या अंदाजावरून. तो अंदाज जुना किंवा कमी असेल तर कर्ज कमी बसतं आणि माणूस परत दलालाकडे उचलीला जातो. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. पुढे विमा आणि भरपाईचे निकष ठरतील तेव्हा शेतकऱ्याकडे पिकाच्या उत्पादन खर्चाचे आकडे असतात, तसे आपल्याकडे काय असणार?

एक भीती मात्र खरी आहे. परतावा धरून बोट फायद्यात आणि परतावा वगळून तोट्यात, असं दिसलं तर कुणीतरी म्हणेल की हा धंदाच अनुदानावर चाललाय, बंद करा. जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ ला मत्स्य अनुदानांचा करार मंजूर झालाय, तिथेही अनुदानांवरच बोट ठेवतात. तरीही मी आकडे द्यावेत याच मताचा आहे. परताव्याची रक्कम सरकारकडे लिहिलेलीच आहे. लिहिलेला नाही तो आमचा बाकीचा खर्च.

किनारेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

@नाखव्याची_लेक, उचल आणि भावातल्या फरकाचा रकाना घालते. खुल्या लिलावाचा भाव त्याच दिवशी वेगळा नोंदवायची सूचनाही घेतली. तो फरक व्याज म्हणून मांडला की दलालाच्या उचलीचा खरा दर पहिल्यांदा दिसेल, आणि माझ्या मते किसान क्रेडिट कार्डाच्या बाजूने तो सगळ्यांत मोठा पुरावा ठरेल.

@वसईची_कोळीण, तुमचा प्रतिसाद मी पाहणीच्या बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. छोट्या बोटींसाठी एकक 'बोट' न धरता 'घर' धरायला हवं. धक्क्यावर एक अर्ज, बाजारात बाईसाठी दुसरा, आणि दोन्हींचा क्रमांक एकच. घरच्या माणसांच्या कामाचे तास लिहायचे आणि त्या गावात त्या कामाला जी रोजंदारी चालते ती लावायची. टोपलीसाठी प्रत्येक बंदरावर महिन्यातून एकदा भरलेल्या टोपल्या वजन करून बघायच्या, तेजीतही आणि मंदीतही.

@मांडवीकाठ, वाटा की पगार आणि कुटीचं उत्पन्न, दोन्ही वेगळे लिहू. बोटीच्या विक्रीत कुटी एकत्र मिसळली जाते, त्यामुळे हा संबंध झाकला जातो.

@दर्यावर्दी, तुमचा प्रश्न टाळणार नाही. गोपनीयतेचे दोन नियम मला बाहेरून घ्यावेसे वाटतात. अमेरिकेत तीनपेक्षा कमी बोटींचा आकडा एकत्र करूनही प्रसिद्ध करत नाहीत, कारण गटात दोनच बोटी असल्या तर एकाला दुसऱ्याचा हिशेब लगेच कळतो. आपल्या लहान बंदरांवर तर हे फारच लागू पडतं. दुसरं, अलास्कात खेकड्याच्या मासेमारीचे आर्थिक अर्ज २००५ पासून सुरू झाले तेव्हा ते आधी एका त्रयस्थ आयोगाकडे जात, तिथे नावं काढली जात आणि मगच विश्लेषकांच्या हाती पडत. आपल्याकडे नावाची यादी सोसायटीकडे राहील आणि आमच्याकडे फक्त संकेतांक येईल, असं करता येईल. प्राप्तिकर किंवा परवाना यांच्याशी हे अर्ज जोडले जाणार नाहीत, हे लेखी असलं पाहिजे. ते लेखी देता आलं नाही तर मी तुमच्याकडे अर्ज घेऊन येणार नाही.

आणि परत येण्याबद्दल: प्रत्येक बोटीला तिचा स्वतःचा हिशेब आणि तिच्या गटाची सरासरी असा एक कागद हंगामानंतर मिळायला हवा. माझी बोट त्याच लांबीच्या इतर बोटींपेक्षा फेरीला जास्त डिझेल खाते का, एवढं जरी कळलं तरी इंजिन उघडायचं की नाही हे मालकाला ठरवता येईल.

दर्यावर्दी

नाव सोसायटीकडे आणि क्रमांक तुमच्याकडे, हे पटलं. माझ्या अटी सांगतो. अर्ज मराठीत हवा आणि एका बैठकीत अर्ध्या तासाच्या वर नको. लिहायला येणारा मुलगा किंवा मुलगी आमच्याच गावातली नेमा, तिला मोबदला द्या. कुठली मासळी कुठल्या नावाने जाते हे तिला शिकवावं लागणार नाही. हंगामात तांडेलाला धक्क्यावर गाठू नका, तो रात्रभर जागा असतो. फेरीचा खर्च घरी हिशेब ठेवणाऱ्याकडून घ्या. आणि निकाल बंदरावर वाचून दाखवायचा, आमच्यासमोर, चुकीचं असेल तर तिथेच सांगू.

तोट्याचं निघालं तरी वाचा. बोटी जास्त झाल्यात हे आम्हालाही दिसतं. पण कमी करायच्या तर कुणाच्या आणि त्या घराला काय देऊन, हे त्याच कागदावर आलं पाहिजे.

सांख्यिक

गावातलीच मुलं नेमण्याला पूर्ण पाठिंबा. फक्त एक काळजी घ्या: ज्या घरची बोट, त्याच घरच्या मुलाने तिचा अर्ज भरू नये. शेजारच्या बंदरावर पाठवा. आणि उभ्या असलेल्या, विकलेल्या, मोडलेल्या बोटींची यादी सोसायटीकडून दर वर्षी घ्या. त्या नमुन्यात आल्या नाहीत तर ताफा आहे त्यापेक्षा सुदृढ दिसेल.

सोसायटी_सचिव

जून-जुलैत बोटी वर चढवलेल्या असतात, जाळी विणायचं काम चालू असतं, मालक गावात असतो. वर्षाच्या खर्चाचा अर्ज तेव्हाच घ्या, दुरुस्तीची बिलंही तेव्हा ताजी असतात. किनारेकर ताई, अर्जाचा नमुना आणि ते गोपनीयतेचं पत्र मे महिन्याच्या आत पाठवा, म्हणजे बंदीआधीच्या संचालक मंडळाच्या सभेत विषय घालता येईल. डिझेलच्या वहीतली माहिती द्यायची तर सभेचा ठराव लागेल, तो मी मांडतो. वसईच्या ताईंनी सांगितलेला बाजारातला दुसरा अर्जही सोबत जोडा. आमच्या सभासदांच्या घरच्या बायका आठवडी बाजारात बसतात, त्यांना आधी दाखवून घेतो.